रद्दीत गेलेली नस्ती

घाटकोपरच्या एका विमा शाखेत दप्तराचा कारभार माझ्याकडे असताना, जागेच्या टंचाईने त्रस्त होऊन, २००२ च्या दिवाळीपूर्वी मी १९९८ सालच्या वाहनविम्याची कचेरीतील विमापत्रे व त्यांच्या हप्त्यांची खतावणी, मुदतीच्या कायद्यातील तीन वर्षे उलटली या समजुतीने, रद्दीवाल्याच्या काट्यावर चढविली. त्या कृत्याचा पश्चात्ताप मला आजही होतो, कारण माझा हिशेब मुळात चुकीच्या दिवसापासून मांडलेला होता.

पुढच्याच वर्षी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस बारनिशीत चढली. १९९८ च्या पावसाळ्यात मुलुंड चेकनाक्याजवळ टेंपोखाली सापडून मरण पावलेल्या एका गृहस्थाच्या पत्नीने पाच वर्षांनंतर दावा दाखल केला होता, आणि तो तिचा हक्कच होता. कारण १९८८ च्या मोटार वाहन कायद्यातील सहा महिन्यांची मर्यादा १९९४ च्या दुरुस्तीने उठविली गेली होती आणि ती पुन्हा अमलात आली ती १ एप्रिल २०२२ रोजी. पोलिसांच्या कागदात विमापत्राचा क्रमांक एका आकड्याने चुकलेला. पडताळून पाहावयास आमच्याकडे चिटोरेही उरलेले नाही. तेव्हा आमच्या वकिलांनी विमाच नाकारला.

दप्तर सांभाळणाऱ्या तरुण सहकाऱ्यांनी म्हणूनच विमापत्र संपल्याच्या तारखेवर विसंबू नये. १९६३ च्या मुदतीच्या कायद्यातील ती तीन वर्षेसुद्धा, दावा नाकारला गेला असेल तर, नकाराच्या दिवसापासून धावू लागतात, आणि हक्कदार अज्ञान असेल तर तो सज्ञान होईपर्यंत धावतच नाहीत. आयुर्विम्याचे दप्तर तर याहून दीर्घायुषी: विमेदाराच्या ओळखीचे कागद काळा पैसा वैध करण्यास प्रतिबंध करणाऱ्या कायद्यान्वये संबंध संपल्यावर पाच वर्षे ठेवावे लागतात, म्हणजे वीस वर्षांच्या विम्याला पंचवीस वर्षे झाली, आणि दहा वर्षे कोणी न मागितलेली रक्कम ज्येष्ठ नागरिक कल्याण निधीत वर्ग झाल्यावरही वारसाला ती पुढे पंचवीस वर्षे मागता येते. कपाटे अपुरी पडतात हे मी जाणतो. पण रद्दी काढण्यापूर्वी दावा विभागाकडून काही प्रलंबित नसल्याचा लेखी दाखला घ्यावा, आणि वाहनाचा क्रमांक, विमापत्राचा क्रमांक व दोन तारखा एवढी एका ओळीची फेरिस्त तरी कायम जतन करावी. तशी एक ओळ मी राखली असती तर पुरे होते.

टेंपोला कर्ज देणाऱ्या पेढीच्या तारण-नस्तीत आमच्या विमापत्राची प्रत अखेर सापडली. तोवर दोन वर्षे तारखा पडण्यात गेली होती, आणि निकालाच्या दिवशी त्या बाईंसोबत आलेला थोरला मुलगा शाळा सोडून भांडुपच्या एका कारखान्यात कामाला लागलेला होता.