सिगारेट सुटली, मग चिडचिड का वाढली?

प्रश्न : मी इंग्लंडमध्ये लेस्टरला एका गोदामात रात्रपाळी करतो. वय 41. पंधरा वर्षं रोज दहा-बारा सिगारेटी ओढत होतो. पाच आठवड्यांपूर्वी त्या बंद करून व्हेप घेतला. दुकानदाराने 3 मिलिग्रॅमचं लिक्विड दिलं. खोकला कमी झाला, कपड्यांचा वासही गेला. पण मन थाऱ्यावर नाही. छातीत धडधडतं, सकाळी घरी येऊन झोप लागत नाही, मुलांवर उगाच ओरडतो. कॉफी वाढवूनही तरतरी येत नाही. व्हेप सतत खिशात असतो, पण सिगारेटचं समाधान काही मिळत नाही. ताणावर सिगारेटच बरी होती का? आणि दिवाळीत सांगलीला येताना व्हेप बरोबर आणता येईल का?

उत्तर : तुमचं कोडं असं आहे : निकोटीन पूर्वीही शरीरात जात होतं, आताही जातं, मग पूर्वीची शांतता गेली कुठे? आधी एवढं सांगतो की सिगारेटकडे परत वळू नका. तुम्हाला होणारा त्रास खरा आहे. मात्र तो एकच त्रास नाही. तीन-चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच वेळी अंगावर आल्यात आणि त्या सगळ्यांना मिळून तुम्ही ‘ताण’ म्हणताय. त्या वेगळ्या केल्या की प्रत्येकीवर वेगळा उपाय सापडतो.

सुरुवात सिगारेटच्या शांततेपासून करू. झुरका ओढल्यावर दहा ते वीस सेकंदांत निकोटीन मेंदूत पोहोचतं. ते मुळात उत्तेजक आहे. नाडी वाढवतं, रक्तदाब चढवतं. मग उत्तेजक पदार्थाने शांत कसं वाटतं? रक्तातलं निकोटीन साधारण दोन तासांत निम्मं होतं. रोज ओढणाऱ्याच्या मेंदूला त्याची सवय झालेली असते, म्हणून पातळी उतरली की बेचैनी सुरू होते, कशात लक्ष लागत नाही, बारीकसारीक गोष्टींवरून डोकं फिरतं. पुढची सिगारेट ही बेचैनी शमवते. दिवसाला दहा-बारा म्हणजे जागेपणी दर दीड तासाला हा प्रकार. सावकाराने आपल्याच कर्जाचं व्याज भरायला आणखी उसने द्यावेत आणि आपण त्याला उपकारकर्ता समजावं, तसं हे आहे. साहेबाचं बोलणं, घराचा हप्ता, मुलांचा अभ्यास यांतलं काहीही सिगारेटने हलकं झालं नव्हतं. हलकी होत होती ती फक्त सिगारेटनेच आणलेली तलफ.

एक गोष्ट मात्र सिगारेटच्या बाजूने मान्य करायला हवी. तिच्या निमित्ताने तुम्ही कामावरून उठून बाहेर जात होता. थंड हवेत पाच मिनिटं उभं राहणं, लांब श्वास आत घेऊन सावकाश सोडणं, शेजारच्या माणसाशी चार शब्द बोलणं; ही खरोखरची विश्रांती होती. व्हेप खिशात आला, जाता-येता दोन झुरके मारता येऊ लागले आणि ती पाच मिनिटं हातची गेली. निकोटीन उरलं, सुट्टी गेली. ती आधी परत घ्या. ठरलेल्या वेळी बाहेर जायचं, हवं तर तिथेच व्हेप ओढायचा आणि पाच मिनिटांनी आत यायचं.

आता व्हेपकडे. आत कापसाची वात असते, तिच्याभोवती तारेचं बारीक वेटोळं, म्हणजे कॉइल. वात लिक्विड शोषून घेते, बॅटरीने कॉइल तापते आणि त्याचे तुषार होतात. इथे काही जळत नाही, आणि सिगारेटशी असलेला मोठा फरक तोच. पण त्यामुळे निकोटीन पोहोचण्याची रीतही बदलते. सिगारेट भरभर ओढली तरी काम भागवते. व्हेपला तीन-चार सेकंदांचा सावकाश झुरका लागतो. सिगारेटच्या सवयीने छोटे, घाईचे झुरके मारले तर तोंडात वाफ भरते आणि मेंदू उपाशी राहतो. (जळक्या कापसाची चव येऊ लागली, तर कॉइल बदलायची वेळ झाली समजा.)

त्यात तुमचं 3 मिलिग्रॅमचं लिक्विड. मोठे ढग काढणाऱ्या ताकदवान उपकरणात ते चालतं. खिशातल्या छोट्या उपकरणात, दिवसाला दहा-बारा सिगारेटी ओढलेल्या माणसाला बहुधा कमी पडतं. सिगारेटची तलफ साधारण दोन ते चार आठवड्यांत ओसरते, पहिला आठवडा सगळ्यात अवघड. तुमचे पाच आठवडे झाले, तरी ती रेंगाळतेय. कारण तुम्ही निकोटीन सोडलेलंही नाही आणि पुरेसं घेतही नाही. त्यात सिगारेट विझते, थोटूक टाकावं लागतं. व्हेपला असा शेवट नसतो. म्हणून माणूस दिवसभर थोडं थोडं चघळत राहतो आणि समाधान एकदाही होत नाही. ब्रिटनमध्ये लिक्विडला कायद्याने मिलिलिटरला 20 मिलिग्रॅमची मर्यादा आहे. तिच्या आत तुमच्यासाठी योग्य प्रमाण कोणतं, हे तुमच्या गावच्या धूम्रपानमुक्ती सेवेत जाऊन ठरवा. तिथली माणसं रोज हेच काम करतात. ‘कमी निकोटीन म्हणजे जास्त सुरक्षित’ असं वाटून पुष्कळजण फार कमी घेतात आणि महिन्याभरात पुन्हा पाकीट विकत आणतात. उलट डोकं दुखणं, मळमळणं, गरगरणं सुरू झालं तर प्रमाण जास्त होतंय असं समजा.

पण लिक्विड बदलण्याआधी तुमच्या पत्रातल्या कॉफीच्या वाक्याकडे वळू. मला वाटतं, तुमची धडधड आणि गेलेली झोप यांचं मूळ बरंचसं तिथे आहे.

चहा-कॉफीतलं कॅफीन शरीराबाहेर काढण्याचं काम यकृतातलं एक विकर करतं. तंबाखूच्या धुरात जळण्यातून तयार होणारी काही रसायनं असतात. ती या विकराला जोरात कामाला लावतात. म्हणून सिगारेट ओढणाऱ्याच्या अंगातलं कॅफीन लवकर संपतं आणि त्याला कपामागून कप पचतो. सिगारेट बंद झाली की काही दिवसांतच हे विकर मंदावतं. कप तेवढेच, पण रक्तातलं कॅफीन दुपटीच्या आसपास, कधी त्याहूनही वर जातं. हे काम निकोटीनचं नाही, धुराचं आहे. व्हेपमध्ये धूर नाही, त्यामुळे व्हेपवर आलेल्या माणसाला सिगारेट सोडणाऱ्याइतकाच हा फटका बसतो. आणि जास्त झालेल्या कॅफीनची लक्षणं कोणती? धडधड, हाताला कंप, चिडचिड, झोप उडणं. माणूस म्हणतो, सिगारेट सुटली म्हणून ताण आला. आणि ताण घालवायला आणखी एक कप करून घेतो.

तेव्हा आठवडाभर एवढंच करा : चहा-कॉफी निम्म्यावर आणा आणि पाळीच्या उत्तरार्धात कॉफी अजिबात घेऊ नका. हे एका दिवसात करू नका, नाहीतर डोकं धरेल. तीन-चार दिवसांत उतरवा. लिक्विडला त्या आठवड्यात हात लावू नका, म्हणजे फरक कशाने पडला ते कळेल. छातीत दुखलं, दम लागला किंवा चक्कर येऊन पडलात तर मात्र आठवडा मोजत बसू नका, लगेच वैद्यकीय मदत घ्या.

याच विकरावर काही औषधंही अवलंबून असतात. दम्यासाठी थिओफिलिन, मानसिक आजारासाठी ओलान्झापिन किंवा क्लोझापिन घेणाऱ्याने सिगारेट बंद केली, की औषध अंगात साठू लागतं. अशा कोणीही सिगारेट सोडण्यापूर्वीच डॉक्टरांना सांगायला हवं. तुम्ही अशी औषधं घेत नसालही. पण हे वाचणाऱ्या एखाद्याच्या घरात ती असतील.

‘सिगारेटचं समाधान नाही’ हे तुमचं म्हणणं निव्वळ मनाचा खेळ नाही. धुरात निकोटीनखेरीज असे पदार्थ असतात, जे मेंदूतल्या मोनोअमाइन ऑक्सिडेज नावाच्या विकराला दाबतात. त्यामुळे निकोटीनची पकड बहुधा घट्ट होते. व्हेपमध्ये ते नाहीत. थोडी उणीव राहणारच, आणि ती हळूहळू बोथट होते. ‘मग दिवसाला दोन सिगारेटी आणि बाकी व्हेप’ ही तडजोड करू नका. हृदयाच्या बाबतीत दोन सिगारेटींचा धोकाही दहाच्या तुलनेत वाटतो तितका कमी होत नाही, आणि धुराची आठवण रोज ताजी राहते.

तंबाखूने होणारा कर्करोग निकोटीनमुळे होतो, असा समज सगळीकडे आहे. कर्करोग मुख्यतः धुरातल्या इतर रसायनांमुळे होतो. निकोटीन माणसाला त्या धुराशी बांधून ठेवतं. पण याचा अर्थ व्हेप म्हणजे नुसती वाफ, असाही नाही. दीर्घकाळात त्याचे काय परिणाम होतात हे कळायला अजून वर्षं जावी लागतील. सिगारेट ओढणाऱ्याला तो कमी घातक पर्याय आहे. न ओढणाऱ्याने, विशेषतः तुमच्या घरातल्या मुलांनी, त्याला हात लावण्याचं काहीच कारण नाही. म्हणून तो वर ठेवा. बाटलीतलं लिक्विड लहान मुलाच्या पोटात गेलं तर जिवावर बेतू शकतं.

हे किती दिवस चालणार? 2014 मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये 26 अभ्यासांचा एकत्र आढावा प्रसिद्ध झाला. ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सिगारेट सोडलेल्यांमध्ये निदान सहा आठवड्यांनंतर चिंता, उदासी आणि ताण कमी झालेले दिसले. ते अभ्यास व्हेपचे नव्हते, सिगारेट सोडण्याचे होते. तरी तुमच्या प्रश्नाला त्यात उत्तर आहे. सिगारेट ताणावर औषध असती, तर ती सोडलेल्यांचा ताण वाढलेला दिसला असता. तुम्ही पाचव्या आठवड्यात आहात.

राहिला खरा ताण. रात्रपाळी हाच एक मोठा ताण आहे आणि त्यावर झोपेखेरीज इलाज नाही. निकोटीनही झोप उडवतं, म्हणून पाळीचा शेवटचा झुरका झोपण्याच्या दोन तास आधी संपवा. घरी येऊन बिछान्यात व्हेप हातात घेण्याची सवय लागली असेल तर ती आधी मोडा. तलफ जोरात आली तरी काही मिनिटांत ओसरते. तेवढा वेळ श्वास घेण्यापेक्षा सोडायला जास्त वेळ लावत चाला. मुलांना खरं सांगा : ‘बाबांनी सिगारेट सोडलीय, थोडे दिवस चिडतील, पण चूक तुमची नाही.’ मुलं हे आपल्याला वाटतं त्यापेक्षा चांगलं समजून घेतात. उदासी दोन आठवड्यांहून जास्त टिकली, कशात रस वाटेनासा झाला, तर ते निकोटीनच्या खात्यावर न टाकता डॉक्टरांना दाखवा.

आता सांगली. व्हेप बरोबर आणू नका. भारतात 18 सप्टेंबर 2019 ला अध्यादेश निघाला आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये कायदा झाला. ई-सिगारेटचं उत्पादन, आयात, वाहतूक, विक्री, साठवण आणि जाहिरात या सगळ्यांवर बंदी आहे. आयात आणि विक्रीच्या पहिल्याच गुन्ह्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. ‘एकच तर आहे, स्वतःपुरता’ या भरवशावर विमानतळावर उतरू नका.

मग सांगलीतले ते दिवस कसे काढायचे? निघण्याच्या पंधरा दिवस आधी धूम्रपानमुक्ती सेवेकडून निकोटीनचे पॅच आणि च्युइंगगम घ्या आणि लेस्टरमध्येच चार दिवस वापरून पाहा. पॅच निकोटीन एका संथ पातळीवर ठेवतो, अचानक आलेल्या तलफेसाठी गम. गम नेहमीसारखी चघळायची नसते. थोडी चावायची, तोंडात चुरचुर जाणवली की गालात दाबून ठेवायची, चुरचुर गेली की पुन्हा चावायची. भरभर चघळली तर निकोटीन पोटात जातं, उचकी लागते आणि उपयोग होत नाही. 2 मिलिग्रॅमची गम सांगलीतही औषधाच्या दुकानात मिळते. भारतात असताना बोलावंसं वाटलं तर 1800-11-2356 हा तंबाखू सोडू पाहणाऱ्यांसाठीचा सरकारी मोफत क्रमांक आहे.

खरी कसोटी विमानात लागणार नाही. ती लागेल संध्याकाळी, जुने मित्र टपरीवर जमतील, टांगलेल्या सुंभाचं पेटलेलं टोक शेजारी धुमसत असेल आणि कोणीतरी न विचारता पाकीट पुढे करेल तेव्हा. त्या वेळी पॅच दंडावर असू द्या, गम आधीच गालात असू द्या, आणि चहा अर्धाच सांगा.