खांबावरून घरात

रस्त्यावरील विजेच्या खांबावर तीन-चार तारा असतात. साध्या घराच्या जोडणीस त्यांपैकी दोनच पुरतात. या दोहोंमधील विजेचा दाब सुमारे २३० व्होल्ट, म्हणजे माणसाचा प्राण घेण्यास पुरेसा असतो.

खांबापासून घरापर्यंत प्रथम जस्ताचा मुलामा दिलेली पोलादी तार ताणतात. विजेची वेष्टित तार तिच्या आधाराने नेतात. ओझे पोलादाने सोसावे, वीज दुसऱ्या तारेने वाहावी, अशी ही वाटणी आहे. तारेला थोडा झोळ ठेवलेला पाहून काम ढिले झाले, असे पुष्कळांना वाटते. पण थंडीत धातू आकसतो. उन्हाळ्यात ताठ ओढलेली तार हिवाळ्यात तुटू शकेल. भिंतीत शिरण्यापूर्वी तार खाली वळवून पुन्हा वर नेतात. पावसाचे पाणी ओघळत त्या वळणाशी येते आणि तेथेच गळून पडते. हे वळण नसेल, तर पाणी तारेवरून थेट मीटरपर्यंत पोहोचेल.

खांबावर चढण्यापूर्वी वायरमन रोहित्राजवळचा खटका बंद करवितो. तारेत वीज नाही, याची खात्री करून घेतो. तरीही त्याचे समाधान होत नाही. एखाद्या घरातील जनित्र चुकीचे जोडलेले असले, तर त्याची वीज उलट वाटेने तारांत शिरते. म्हणून तो तारा एकमेकींशी व जमिनीशी जोडून ठेवतो. काम संपल्यावर ही जोडणी काढली जाते. मगच खटका चालू होतो.