मोठ्या चाकाला टायर कोणता?

गतवर्षी आमच्या एका आप्तांनी आपल्या छोट्या मोटारीची पंधरा इंची चाके काढून सोळा इंची अलॉय चाके बसवून घेतली. गाडी रुबाबदार दिसू लागली. परंतु घरची पाच माणसे घेऊन आम्ही चोर्ला घाटाने बेळगावास निघालो, तेव्हा प्रत्येक वळणावर पुढचा टायर मडगार्डाच्या आतील बाजूस घासू लागला. गाडी थांबवून पाहतो, तो टायरची कड सोलवटून निघालेली! टायर फुटला नाही, हे आमचे दैव. टायरवर कोरलेले आकडे वाचण्याची तसदी आम्हां कोणीच घेतली नव्हती. वास्तविक हे गणित शेकडेवारी जाणणाऱ्या कोणाही विद्यार्थ्याच्या आवाक्यातील आहे. ते येथे मांडण्याचे योजिले आहे.

त्या गाडीचा मूळ टायर होता १८५/६५ आर १५. यातील १८५ ही टायरची रुंदी, मिलिमीटरमध्ये. ६५ हे मिलिमीटर नव्हेत. टायरच्या बाजूची उंची रुंदीच्या शेकडा ६५ आहे, असा त्याचा अर्थ. 'आर' म्हणजे रेडियल बांधणी, आणि १५ हा रिमचा व्यास, इंचांमध्ये. एकाच ओळीत मिलिमीटर, शेकडेवारी आणि इंच अशी तीन मापे नांदतात. घोटाळा होतो तो येथेच.

आता पूर्ण चाकाचा व्यास काढू. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२०.२५ मि.मी. टायर रिमच्या वर आणि खाली असा दोन्हीकडे असतो. म्हणून दुप्पट, २४०.५. रिम १५ इंच, म्हणजे १५ × २५.४ = ३८१ मि.मी. बेरीज ६२१.५ मि.मी. रिम बदलला तरी ही बेरीज शक्य तितकी कायम राखावयाची, हेच या विषयाचे मुख्य सूत्र होय. रिम वाढला की टायरची उंची त्याच मानाने घटली पाहिजे.

आमच्या आप्तांनी घेतला २०५/६० आर १६. त्याचा व्यास २४६ + ४०६.४ = ६५२.४ मि.मी.; म्हणजे जवळजवळ शेकडा ५ ने अधिक. शिवाय रुंदीही २० मि.मी.ने वाढलेली. मग तो घासणार नाही तर काय?

घासणे डोळ्यांना दिसते. दुसरा दोष दिसत नाही. मूळ चाक एका किलोमीटरात सुमारे ५१२ फेरे घेते, हे मोठे चाक सुमारे ४८८. स्पीडोमीटर फेऱ्यांवरून वेग सांगतो. म्हणून काटा पूर्वी खरा वेग दाखवीत होता असे धरले, तर आता तो ८० दाखवीत असता गाडी प्रत्यक्षात ८४ च्या वेगाने धावत असते. म्हणून व्यासातील फरक सामान्यतः शेकडा दोन-तीनच्या आत ठेवतात.

योग्य टायर होता १९५/५५ आर १६. २१४.५ + ४०६.४ = ६२०.९ मि.मी.; फरक एका मिलिमीटरहूनही कमी!

तथापि एवढ्याने भागत नाही. मापापुढे '८८ एच' अशी खूण असते. ८८ हा भारांक. एक टायर ५६० किलो भार पेलतो, असा त्याचा अर्थ. 'एच' म्हणजे ताशी २१० कि.मी. ही वेगमर्यादा. १९५/५५ आर १६ हा टायर पुष्कळदा ८७ भारांकाचा मिळतो. त्याची शक्ती ५४५ किलो. चार टायरांत मिळून ६० किलो कमी, म्हणजे एका माणसाचे वजन! व्यास जुळला तरी भारांक मूळापेक्षा कमी घेऊ नये. याच मापात ९१ भारांकाचा, ६१५ किलो पेलणारा, अधिक मजबूत टायरही मिळतो. रिमची रुंदी त्या टायरास चालते का, हेही पाहावे. आणि गाडीच्या निर्मात्याने दाराजवळील पट्टीवर वा पुस्तिकेत दिलेली मापे प्रथम वाचावीत. नोंदणीपत्रातील मूळ तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाने करू नये, असे मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ सांगते, हेही विसरू नये.

टायरची उंची घटली की वळणावर गाडी अधिक घट्ट चालते, हा लाभ खरा. परंतु खड्ड्याचा धक्का सोसणारी हवेची गादीही तितकीच पातळ होते. पावसाळ्यातील आपले रस्ते ज्यांनी पाहिले आहेत, त्यांना अधिक सांगणे नलगे.

विद्यार्थी मित्रहो, आता २०५/४५ आर १७ या टायरचा व्यास तुम्ही काढा. उत्तर ६१६.३ मि.मी. आले पाहिजे. नंतर घरच्या गाडीजवळ वही घेऊन बसा आणि तिचे आकडे वडीलधाऱ्यांना वाचून दाखवा. आमच्या आप्तांनी टायर बदलून घेतले आहेत. या खेपेस आकडे त्यांच्या सातवीतल्या कन्येने तपासले.