फोन रीसेट करायचाय, पण आतलं काही जायला नको!

प्रश्न : माझा अँड्रॉइड फोन चार-पाच वर्षांचा आहे. हल्ली तो फार अडकतो. वाय-फाय मध्येच तुटतं, ॲप उघडायला वेळ लागतो. दुकानदार म्हणतो, ‘फॉरमॅट मारावा लागेल, दोन मिनिटांचं काम आहे.’ पण त्यात नातवंडांचे फोटो आहेत आणि माझ्या वारलेल्या बहिणीचे व्हॉट्सॲपवरचे व्हॉइस मेसेज आहेत. काहीही न गमावता फोन रीसेट करता येतो का? आणि इतक्या वर्षांचं सगळं दोन मिनिटांत पुसलं कसं जातं?
– एक वाचक, कराड

उत्तर : तुमच्या दुसऱ्या प्रश्नापासून सुरुवात करू या, कारण पहिल्याचं उत्तर त्यातच दडलंय.

फोन आतली माहिती एकेक करून पुसत बसत नाही. हल्लीच्या फोनमध्ये फोटो, मेसेज, नंबर सगळं कुलूपबंद करून, म्हणजे कूटबद्ध स्वरूपात साठवलेलं असतं आणि त्याची किल्ली फोनच्याच एका सुरक्षित भागात असते. आयफोनमध्ये ही सोय 2009 पासून आहे. अँड्रॉइडच्या बाबतीत 2019 साली आलेली दहावी किंवा त्यापुढची आवृत्ती घेऊन जे फोन बाजारात आले, त्या सगळ्यांना ती सक्तीची आहे. फॅक्टरी रीसेट केला की फोन ती किल्लीच नष्ट करतो. एक किल्ली नष्ट करायला कितीसा वेळ लागणार? त्यानंतर मागे जे उरतं ते कोणालाच उघडता येत नाही, दुकानदाराला नाही आणि फोन बनवणाऱ्या कंपनीलाही नाही. म्हणून ‘रीसेटनंतरही डेटा परत काढून देतो’ असं सांगणाऱ्या सॉफ्टवेअरवर पैसे घालवू नका.

तेव्हा पहिल्या प्रश्नाचं सरळ उत्तर असं : फॅक्टरी रीसेटही करायचा आणि माहितीही फोनमध्ये जागच्या जागी ठेवायची, अशी कोणतीही युक्ती नाही. आधी दुसरीकडे जपून ठेवलेली प्रत, तेवढीच वाचते. मात्र घाबरून जायचं कारण नाही. तुम्ही सांगता तशा तक्रारींना बऱ्याचदा एवढं टोकाचं पाऊल लागतच नाही. आणि लागलंच, तर तयारी करून ते निर्धास्तपणे उचलता येतं.

आधी हे करून बघा

फोन एकदा पूर्ण बंद करून सुरू करा. मग सेटिंग्जमध्ये ‘स्टोरेज’ बघा. जागा काठोकाठ भरली असेल तर फोन अडकणारच. मोठे व्हिडिओ आणि वापरात नसलेली ॲप काढली की बराच फरक पडतो.

एखादंच ॲप त्रास देत असेल तर त्याच्या माहितीच्या पानावर ‘क्लिअर कॅश’ दाबा. त्याने फक्त तात्पुरत्या फाइली जातात. शेजारीच ‘क्लिअर डेटा’ किंवा ‘क्लिअर स्टोरेज’ असतं, त्याला हात लावू नका. त्याने त्या ॲपमधलं सगळं जातं.

वाय-फाय तुटण्यावर वेगळा उपाय आहे. सेटिंग्जमध्ये ‘रीसेट’ असं शोधा, त्यात नेटवर्क सेटिंग्ज रीसेट करायचा पर्याय सापडेल. त्याने वाय-फायचे पासवर्ड आणि ब्लूटूथच्या जोडण्या जातात, फोटो किंवा मेसेज जात नाहीत. सॅमसंगच्या फोनमध्ये आणि आयफोनमध्ये ‘रीसेट ऑल सेटिंग्ज’ असतं. तेही फक्त सेटिंग्ज मूळपदावर आणतं. ‘फॅक्टरी डेटा रीसेट’, ‘इरेज ऑल डेटा’ किंवा आयफोनवर ‘इरेज ऑल कंटेंट अँड सेटिंग्ज’ असे शब्द दिसले की मात्र थांबा, कारण सगळं पुसणारं बटण ते.

आणखी एक चाचणी : पॉवर बटण दाबल्यावर येणाऱ्या ‘पॉवर ऑफ’ या चिन्हावर बोट दाबून धरलं की बऱ्याच अँड्रॉइड फोनमध्ये ‘सेफ मोड’ विचारला जातो. त्यात आपण नंतर टाकलेली ॲप तात्पुरती बंद राहतात. तेव्हा फोन सुरळीत चालला तर दोष एखाद्या ॲपचा आहे. अलीकडे टाकलेली ॲप एकेक करून काढा, रीसेटची गरज पडणार नाही.

रीसेट करायचाच असेल तर

फोटो : गुगल फोटोजमध्ये बॅकअप सुरू असला तरी कॅमेऱ्याने काढलेले फोटोच आपोआप चढतात. व्हॉट्सॲपवर आलेले फोटो वेगळ्या फोल्डरमध्ये असतात आणि त्या फोल्डरचा बॅकअप वेगळा चालू करावा लागतो. नातवंडांचे फोटो मुलांनी व्हॉट्सॲपवरूनच पाठवले असतील, तर ते नेमके इथे निसटतात.

व्हॉट्सॲप : सेटिंग्ज, चॅट्स, चॅट बॅकअप या पानावर शेवटच्या बॅकअपची तारीख असते. ती आधी वाचा. गुगल खात्याची 15 जीबी मोफत जागा जीमेल, ड्राइव्ह आणि फोटोज मिळून वापरतात, आणि 2024 पासून अँड्रॉइडवरचा व्हॉट्सॲप बॅकअपही त्यातच मोजला जातो. जागा संपली की बॅकअप थांबतो आणि तारीख जुनीच राहते. व्हिडिओ हवे असतील तर त्यासाठीचं वेगळं बटण चालू करा. बॅकअपला पासवर्ड लावला असेल तर तो लिहून ठेवा, तो विसरला तर व्हॉट्सॲपलाही बॅकअप उघडून देता येत नाही. फोनमध्ये रोज रात्री जो बॅकअप होतो त्यावर विसंबू नका, रीसेटमध्ये फोनबरोबर तोही पुसला जातो.

बहिणीच्या व्हॉइस मेसेजसाठी एवढ्यावर थांबू नका. प्रत्येक मेसेजवर बोट दाबून धरा, ‘शेअर’ निवडा आणि तो स्वतःच्याच ईमेलवर किंवा ड्राइव्हवर पाठवा. शिवाय केबलने फोन संगणकाला जोडून व्हॉट्सॲपचं अख्खं फोल्डर उतरवून घ्या. जे पुन्हा मिळणार नाही, त्याच्या दोन प्रती दोन ठिकाणी असल्याच पाहिजेत.

नंबर : काही नंबर गुगल खात्यात, काही सिमवर, तर काही नुसते फोनमध्ये असतात. फोनमधले जातात. कॉन्टॅक्ट्स ॲपमधून सगळ्यांची एक फाइल ‘एक्स्पोर्ट’ करा आणि स्वतःला ईमेल करा. रेकॉर्डर, नोंदवही, हिशेबाची ॲप यांचंही तसंच आहे, त्यांच्या फाइली वेगळ्या काढून घ्या.

मग सगळ्यात महत्त्वाचं काम. घेतलेल्या प्रती दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर उघडून बघा. त्याच फोनवर बघून खात्री होत नाही, कारण गुगल फोटोज फोनमधला फोटो आणि खात्यात चढलेला फोटो शेजारी शेजारी दाखवतं. दुसऱ्या यंत्रावर तुमच्या खात्यात जे दिसतं, तेच खरं वाचलेलं. चार-पाच वर्षांपूर्वीचा एक फोटो, कालचा एक, बहिणीचा एक मेसेज आणि दोन-चार नंबर उघडून बघा.

बटण दाबण्याआधी गुगल खात्याचा ईमेल आणि पासवर्ड ठाऊक आहे ना, हेही तपासा. अनेकांचं खातं फोन घेताना दुकानातच कोणीतरी उघडून दिलेलं असतं आणि पासवर्ड कुणालाच माहीत नसतो. बॅकअप त्याच खात्यात असतो. शिवाय चोरीला आळा म्हणून 2015 पासून अँड्रॉइडमध्ये अशी सोय आहे की बाहेरून बटणं दाबून रीसेट केला तर फोन आधीचंच खातं मागतो, ते नसेल तर उघडत नाही.

यूपीआयची चिंता नको. पैसे बँकेत असतात आणि पिनही बँकेकडेच असतो. फोन पुन्हा जोडताना सिमवरून एसएमएस जातो, म्हणून बाहेर एसएमएस पाठवता येईल असा रिचार्ज हवा. पहिल्या दिवशी व्यवहाराची मर्यादा कमी असू शकते, तेव्हा मोठी देणी आधीच उरका.

एवढं झालं की फोन चार्जरला लावा, सेटिंग्जमधूनच रीसेट करा आणि परत सुरू करताना तेच गुगल खातं, व्हॉट्सॲपला तोच नंबर द्या. हे काम दुकानात सोडून येऊ नका. घरी, सुट्टीच्या दिवशी सवडीने करा.

प्रश्न : मुलाने खेळता खेळता फोनचा पॅटर्न बदलला आणि आता त्यालाही आठवत नाही. माहिती न जाता लॉक काढता येईल का?
– एक वाचक, वसई

उत्तर : हल्लीच्या फोनवर साधारणपणे नाही. अँड्रॉइडच्या 4.4 आवृत्तीपर्यंत गुगल खात्याने पॅटर्न उघडता येत असे, ती वाट पुढे बंद झाली. आता माहितीच्या कुलपात तुमचा पॅटर्नही गुंफलेला असतो. लॉक तोडून माहिती वाचवण्याचं आश्वासन देणाऱ्या ॲपवर भरवसा ठेवू नका.

एक गोष्ट मात्र लगेच करा : फोन बंद करू नका. सुरू असलेल्या फोनमध्ये फोटोंचा बॅकअप आधीपासून चालू असेल, तर तो लॉक असतानाही पुढे सरकू शकतो. एकदा बंद करून सुरू केला की पॅटर्न दिल्याशिवाय ते काम होत नाही. म्हणून फोन घरच्या वाय-फायवर, चार्जिंगला लावून रात्रभर तसाच राहू द्या. मुलाला शांतपणे आठवू द्या. उगाच अंदाजाने पॅटर्न काढत बसू नका, दर चुकीमागे थांबण्याचा वेळ वाढत जातो. सकाळी संगणकावर तुमच्या गुगल खात्यात काय काय पोचलंय ते बघा. मेमरी कार्ड असेल आणि ते फोनच्या अंतर्गत स्टोरेजचा भाग म्हणून जोडलेलं नसेल, तर फोन पुसण्याआधी काढून घ्या, त्यातले फोटो दुसरीकडे उघडतील. रीसेटचा निर्णय एवढं सगळं करून झाल्यावरच घ्या.