बालकाच्या हृदयावरील शस्त्रक्रिया आणि माता-पित्यांचे कर्तव्य

गर्भातील बालकाच्या हृदयाची मूळ रचना पहिल्या आठ आठवड्यांतच पूर्ण होते. पुष्कळ स्त्रियांना आपण गरोदर असल्याची खात्री पटते न पटते, तोच हे काम उरकलेले असते. या रचनेत काही उणीव राहिल्यास बालक जन्मतःच हृदयविकार घेऊन येते. दर हजार जन्मांमागे सुमारे आठ ते नऊ बालकांत असा दोष आढळतो. भारतात प्रतिवर्षी अशी दोन लाखांहून अधिक बालके जन्मतात, असा तज्ज्ञांचा अंदाज आहे. त्यांपैकी सुमारे एकपंचमांश बालकांना पहिल्या वर्षातच उपचारांची गरज भासते.

दोष कोणाचा?

असे मूल जन्मले की घरात प्रथम मातेकडे बोट दाखविले जाते. ग्रहणात बाहेर गेली, विळी हाती घेतली, अमुक पदार्थ खाल्ला, अशी कारणे सांगितली जातात. या समजुतींना कसलाही आधार नाही. गरोदरपणी झालेला रुबेला म्हणजे जर्मन गोवर, काबूत नसलेला मधुमेह, काही औषधे, गुणसूत्रांतील दोष आणि जवळच्या नात्यातील विवाह यांमुळे धोका वाढतो. तथापि बहुसंख्य बालकांत कोणतेही एक कारण सापडत नाही. यास्तव मातेला दोष देणे अन्यायाचे तर आहेच, शिवाय त्यामुळे उपचारांचा मोलाचा काळ वाया जातो.

लक्षणे व विलंबाचा धोका

दूध पिताना बालकाला दम लागणे, कपाळावर घाम येणे, थांबून थांबून दूध ओढणे, वजन न वाढणे, वरचेवर न्यूमोनिया होणे, ओठ व नखे निळसर दिसणे ही प्रमुख लक्षणे होत. दोन महिन्यांच्या आतील शांत बालकाचा श्वास मिनिटाला ६० वा त्याहून अधिक वेळा होत असल्यास त्यास तात्काळ डॉक्टरांकडे न्यावे. निळसर बालक रडता रडता अधिकच काळेनिळे पडू लागल्यास त्याचे गुडघे पोटाजवळ दुमडून छातीशी धरावे, त्यास शांत करावे व विनाविलंब रुग्णालय गाठावे.

‘मोठे झाले की छिद्र आपोआप बुजेल’ असे अनेकांना सांगितले जाते. लहान छिद्रांच्या बाबतीत हे पुष्कळदा खरे ठरते. मोठ्या छिद्रांच्या बाबतीत मात्र तीच समजूत घातक होते. अशा छिद्रातून फुप्फुसांकडे जादा रक्त जोराने जात राहिल्यास तेथील रक्तवाहिन्या कालांतराने जाड व कठीण होतात आणि मग शस्त्रक्रिया करण्याची वेळ निघून जाते. थांबावे की नाही, हा निर्णय शेजाऱ्यांच्या अनुभवावरून न घेता हृदयाच्या सोनोग्राफीवरून, म्हणजे इको तपासणीवरून, डॉक्टरांनीच घ्यावा.

कोठे जावे?

हुबळी-धारवाड परिसरातील कुटुंबांना पहिला आधार अंगणवाडी व आशा कार्यकर्तीचा आहे. सन २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जन्मापासून १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी होते व त्यात जन्मजात हृदयविकाराचा समावेश आहे. हुबळी येथे १९५७ साली स्थापन झालेले शासकीय वैद्यकीय महाविद्यालय असून त्याच्या रुग्णालयास लोक ‘किम्स’ या नावाने ओळखतात. धारवाडनजीक सत्तूर येथे धर्मस्थळ मंजुनाथेश्वर वैद्यकीय महाविद्यालयाचे, तर सुमारे १०० किलोमीटरवर बेळगावला के. एल. ई. संस्थेचे मोठे रुग्णालय आहे. गुंतागुंतीच्या दोषांसाठी सुमारे ४०० किलोमीटरवरील बेंगळुरूस जावे लागू शकते. सन २०१८ पासूनच्या आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक योजनेत पात्र कुटुंबास वर्षाला पाच लाख रुपयांपर्यंत उपचारांचे संरक्षण आहे. शिधापत्रिका, आधार कार्ड व शासकीय रुग्णालयाचे शिफारसपत्र आरंभीच सिद्ध ठेवावे. दागिने गहाण टाकण्यापूर्वी वा सावकाराचा उंबरठा चढण्यापूर्वी या योजनेची चौकशी करावी.

शास्त्राची वाटचाल

सन १९४४ मध्ये अमेरिकेतील बाल्टिमोर येथे हेलन टाउसिग, आल्फ्रेड ब्लॅलॉक व त्यांचे साहाय्यक व्हिव्हियन थॉमस यांनी ‘निळ्या बालकां’वरील शस्त्रक्रियेचा मार्ग खुला केला. सन १९५४ मध्ये मिनेसोटा येथे डॉ. लिलेहाय यांनी एक वर्षाच्या बालकाच्या हृदयातील छिद्र बुजविताना त्याचे रक्ताभिसरण पित्याच्या रक्ताभिसरणाशी नळ्यांनी जोडले. पित्याचे हृदय व फुप्फुसे तेवढा वेळ मुलासाठी राबली. ते मूल काही दिवसांनी न्यूमोनियाने दगावले. परंतु या पद्धतीने पुढे शस्त्रक्रिया झालेल्यांसह एकूण ४५ रुग्णांपैकी २८ जण बरे होऊन घरी गेले. आज ते काम यंत्र करते. सन २००३ मध्ये लाहोरहून बसने भारतात आलेल्या एका चिमुकलीच्या हृदयावर बेंगळुरूस शस्त्रक्रिया झाली, तेव्हा दोन्ही देशांतील जनतेने तिच्यासाठी शुभेच्छा पाठविल्या.

शस्त्रक्रियेपूर्वी

दोष कोणता, शस्त्रक्रिया एक की टप्प्याटप्प्याने, धोका किती, रुग्णालयात किती दिवस राहावे लागेल, हे प्रश्न वहीत लिहून न्यावेत. संमतिपत्र कन्नड अथवा मराठी, जी भाषा समजते तीत समजावून घेऊनच सही करावी. बालकास सर्दी, ताप वा खोकला असल्यास तो लपवू नये, कारण त्यामुळे भूल देणे धोक्याचे होते. दूध केव्हा बंद करावे, ही सूचना काटेकोर पाळावी. भुकेने रडते म्हणून चोरून पाजलेले दूध भूल दिल्यावर श्वासनलिकेत जाऊ शकते. नातेवाइकांनी रक्तपेढीत रक्तदान करून साहाय्य करावे.

अतिदक्षता विभागात

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले दर्शन पालकांना हादरवून टाकते. बालकाच्या तोंडात श्वासाची नळी, छातीतून पाणी व रक्त वाहून नेणाऱ्या नळ्या, अंगास तारा आणि चेहऱ्यावर सूज असते. यंत्रे मधूनमधून वाजत राहतात. यातील प्रत्येक वस्तूस प्रयोजन आहे आणि प्रकृती सुधारेल तशी ती एकेक करून निघते, हे आधी ठाऊक असल्यास भीती निम्मी होते. हात स्वच्छ धुऊन, परिचारिकेच्या परवानगीने बालकाचा हात धरावा व त्याच्याशी हळू आवाजात बोलावे. या दिवसांत मातेने दूध काढत राहावे, म्हणजे ते आटत नाही.

घरी आल्यावर

छातीचे हाड सांधण्यास सहा ते आठ आठवडे लागतात. या काळात बालकास काखेत धरून वा हात ओढून उचलू नये. एक हात मानेखाली व दुसरा कुल्ल्यांखाली घालून त्यास अलगद उचलावे. जखम कोरडी व स्वच्छ ठेवावी. तीवर हळद, राख, तूप लावू नये व डॉक्टरांनी सांगेपर्यंत छातीस तेलाने मालिश करू नये. शेगडीचा धूर व विडीचा धूर यांपासून बालकास दूर ठेवावे. औषध चमच्याच्या अंदाजाने न देता सिरिंजने मोजून द्यावे. उलटी झाल्यास मनाने दुसरी मात्रा देऊ नये. ताप, जखमेस लाली वा पू, जलद श्वास, लघवी कमी होणे, दूध नाकारणे यांपैकी काहीही दिसल्यास त्वरित रुग्णालयाशी संपर्क साधावा. लसीकरणाचे वेळापत्रक डॉक्टरांकडून नव्याने लिहून घ्यावे.

पालकांचे मन

बालक हसू लागल्यावरही मातेची झोप उडालेली असते. ती रात्री उठून त्याच्या छातीवर हात ठेवून पाहते. पिता बोलत नाही, पण बुडालेली मजुरी व कर्ज त्याच्या मनास पोखरत असते. मोठ्या भावंडास आपण विसरले गेलो असे वाटते. हे दुबळेपण नव्हे. इतक्या मोठ्या ताणानंतर असे होणे स्वाभाविक आहे. जागरणाच्या पाळ्या वाटून घ्याव्यात, आजी-आजोबांनी स्वयंपाक व भावंडांचा भार उचलावा आणि पालकांनी मनातील भीती एकमेकांजवळ बोलावी. उदासीनता, रडू वा भयाचे झटके काही आठवडे टिकल्यास पालकांनी स्वतःसाठीही डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

पुढे मूल शाळेत जाईल, तेव्हा त्यास काचेच्या भांड्याप्रमाणे जपण्याचा मोह होईल. यशस्वी शस्त्रक्रियेनंतर बहुतेक मुलांना खेळता येते. मर्यादा किती, हे डॉक्टरांच्या चिठ्ठीवरून शिक्षकांनी समजून घ्यावे. दातांची स्वच्छता मात्र आयुष्यभर कसोशीने राखावी, कारण तोंडातील जंतू रक्तावाटे हृदयापर्यंत पोचू शकतात. नियमित तपासणीही चुकवू नये.

शल्यवैद्याचे काम काही तासांत आटोपते. त्यानंतर अनेक महिने बालकाचा भार घराने व गावाने वाहावयाचा असतो. आशा कार्यकर्तीने आठवणीने घातलेली एक फेरी, शेजारणीने आणून दिलेला जेवणाचा डबा आणि मातेला दोष न देता विचारलेली विचारपूस, ही त्या उपचारांचीच अंगे आहेत.