फायरमनची भरती : जाहिरात येण्याआधीच तयार राहा

दहावी पास, अग्निशामकाचा सहा महिन्यांचा कोर्स आणि एमएस-सीआयटी, एवढी कागदपत्रं फायलीत लावल्यावर मला वाटलं, आता फक्त मैदान मारायचं राहिलं. कोर्सही कलिन्याच्या महाराष्ट्र अग्निशमन सेवा अकादमीचा, म्हणजे बऱ्याच महापालिका मागतात तोच. मग मुंबईची 910 जागांची जाहिरात आली. तिला कोर्स नकोच होता. हवी होती बारावी, तीही 50 टक्क्यांनी, आणि पुरुषांना 172 सेंटिमीटर उंची. मी 168. अनेक ठिकाणी 165 चालते, पण तिथे ते सांगून काय उपयोग?

2023 च्या सुरुवातीला दहिसरच्या मैदानावर ही भरती झाली. महिलांसाठी 162 सेंटिमीटरची अट होती आणि उंचीवरून बाद ठरवल्याची तक्रार करत मुलींनी आंदोलन केलं. बारावीची अट मला पटते. हल्लीची यंत्रं, रसायनं, टॉवर हे सगळं समजून घ्यायला शिक्षण लागतंच. पण मानवी पुतळा खांद्यावर टाकून धावणारी मुलगी एका सेंटिमीटरने कशी अपात्र ठरते, हे मला अजून उमगलेलं नाही.

आता गावातली पोरं विचारायला येतात. त्यांना मी सांगतो, दादाच्या वेळची अट धरून बसू नका. प्रत्येक महापालिकेचे सेवाप्रवेश नियम वेगळे, आणि दोन भरत्यांच्या मधे ते बदलतात. दहावीवर भागत असलं तरी बारावी करून ठेवाच, आणि टक्केवारीकडे लक्ष द्या.

पैसे भरताना मात्र फार सांभाळा. माझ्या मामेभावाने तालुक्याच्या एका खासगी संस्थेत ‘फायर अँड सेफ्टी’चा डिप्लोमा केला. ‘सरकारमान्य आहे’ असं तोंडी सांगितलं होतं. कागदपत्र पडताळणीत तो बाद झाला. असा डिप्लोमा कारखान्यात सेफ्टीच्या नोकरीला उपयोगी पडेल, पण फायरमनच्या जाहिरातीत कोणत्या संस्थेचा कोर्स म्हटलंय ते शब्दन् शब्द जुळवा आणि मगच फी भरा.

प्रमाणपत्रावरची तारीखही बघा. पात्रता बहुधा अर्जाच्या शेवटच्या दिवशी हातात असावी लागते. ‘निकाल यायचाय’ तिथे कुणी ऐकत नाही.

उंची अनवाणी आणि दुपारनंतर मोजून घ्या. सकाळी माणूस थोडा उंच भरतो, दिवसभरात मणके दबतात. मैदानावर तुमचा नंबर कधी लागेल, सांगता येत नाही.