प्रिया आणि व्हेस्पा

सातारा किंवा सांगलीतील वडीलधाऱ्या माणसांसमोर ‘प्रिया’ हे नाव काढा. त्यांना लगेच एक स्कूटर आठवेल. ही स्कूटर साताऱ्यात तयार होत असे. पण तिचे मूळ इटलीत आहे.

दुसऱ्या महायुद्धानंतर इटलीतील लोकांना स्वस्त वाहन हवे होते. पियाज्यो कंपनीने १९४६ साली ‘व्हेस्पा’ ही स्कूटर बाजारात आणली. इटालियन भाषेत व्हेस्पा म्हणजे गांधीलमाशी. तिची रचना करणारे कोराडिनो डास्कानिओ हे विमानांचे अभियंते होते. त्यामुळे विमानाप्रमाणे या स्कूटरचा पत्राच तिचा सांगाडा बनला.

१९६० च्या सुमारास बजाज कंपनी परवाना घेऊन भारतात व्हेस्पा बनवू लागली. १९७१ साली परवाना संपला. पण तोपर्यंत आपले कामगार ते काम शिकले होते. परवाना परत गेला, हुनर इथेच राहिला. १९७५ साली महाराष्ट्र स्कूटर्स ही कंपनी स्थापन झाली. तिच्या साताऱ्याच्या कारखान्यात प्रिया तयार होऊ लागली.

पुढे पियाज्यो कंपनी स्वतः महाराष्ट्रात आली. २०१२ साली फलटणच्या शेजारी बारामतीत नवी व्हेस्पा तयार होऊ लागली.

या दोघी एकाच घराण्यातल्या. दोघींचे अंग पोलादी पत्र्याचे आहे. दोघींचे इंजिन मागच्या चाकाजवळ असते. पुढच्या पत्र्यामुळे कपड्यांवर चिखल उडत नाही.

मात्र चालवताना फरक कळतो. प्रियाला किक मारावी लागे. कधी ती सुरू होत नसे. मग मालक तिला एका बाजूला कलती करी आणि पुन्हा किक मारी. गिअर डाव्या हाताने बदलावा लागे. तिच्या टू-स्ट्रोक इंजिनासाठी पेट्रोलमध्ये तेल मिसळत. तेही जळत असल्याने धूर फार होई. नवी व्हेस्पा बटण दाबताच सुरू होते आणि तिचा गिअर हाताने बदलावा लागत नाही. तिच्या फोर-स्ट्रोक इंजिनात तेल वेगळे राहते, म्हणून धूर कमी होतो.

मग चांगली कोणती? हवा स्वच्छ राहावी, यासाठी नवी चांगली. पण प्रियाचा प्लग साफ करणे, केबल बदलणे ही कामे मालक घरीच करी. साताऱ्यातील प्रियाचे उत्पादन आता बंद झाले आहे. परंतु शिकलेले काम वाया जात नाही, हा तिचा धडा आजही उपयोगी आहे.

शब्दार्थ
परवाना – लायसन्स
हुनर – कौशल्य
सांगाडा – आतला आधार
कलती – तिरकी

स्वाध्याय
१. व्हेस्पाचा पत्राच तिचा सांगाडा का बनला?
२. प्रियातून जास्त धूर का निघे?
३. ‘परवाना परत गेला, हुनर इथेच राहिला,’ याचा अर्थ तुमच्या शब्दांत लिहा.
४. तुमच्या घरातील एखाद्या जुन्या व नव्या वस्तूची तुलना पाच वाक्यांत करा.